पटावरचे गाव : नवलाख उंबऱ्याच्या प्राथमिक शाळेचा इतिहास

संस्थेचा इतिहास म्हटला की स्थापनेची तिथी, इमारतींची वाढ, मुख्याध्यापकांची नामावली, देणगीदार आणि नाव काढलेले विद्यार्थी असा क्रम आपल्या स्मरणिकांतून चालत आला आहे. खासगी संस्थेला तो शोभतो. तिथे कोणी संस्थापक असतो, त्याने डोळ्यांपुढे ठेवलेले ध्येय असते आणि पुढच्या वाटचालीचा त्या ध्येयाशी ताळा घालून पाहता येतो. गावच्या सरकारी प्राथमिक शाळेचे तसे नाही. तिला आपले विद्यार्थी निवडता येत नाहीत आणि दारात आलेल्या कोणाला नाही म्हणता येत नाही. गावात जे मूल आहे ते तिचे, हाच तिचा ठराव. म्हणून पुणे जिल्ह्यातल्या मावळ तालुक्यातील नवलाख उंबऱ्याच्या जिल्हा परिषद शाळेचा इतिहास जनरल रजिस्टराच्या अंगाने, म्हणजे पटावर आलेल्या आणि पटावरून गेलेल्या मुलांच्या अंगाने मांडायला हवा. मुलाचे नाव, आईचे नाव, जात, जन्मस्थळ, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण हे त्या रजिस्टराचे रकाने. शाळेचे मोठेपण पट किती आहे यावर मोजण्याची सवय शासनाला लागली आहे आणि गावालाही. या लेखात मांडायचे आहे ते असे, की पटाचा आकडा शेतजमीन, रस्ता, कारखाना आणि सरकारी नियम यांच्या तालावर वरखाली होत असतो. शाळेने आपले काम किती केले हे पाहायचे तर पटावर कोण आहे आणि शिवारात असूनही पटाबाहेर कोण आहे, हे पाहावे लागते.

या दृष्टीने पाहिले तर सरकारी शाळांच्या इतिहासाचा पहिला अध्याय पटावर नसलेल्यांचाच आहे. मुंबई इलाख्यात 1863 पासून शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेतला जाऊ लागला आणि त्यातला एक तृतीयांश भाग शाळांसाठी ठेवण्यात आला. खेड्यातली प्राथमिक शाळा उभी राहिली ती या पैशावर. मावळातला भातशेती करणारा कुळंबी तो आणा भरत होता, पण त्याचे मूल शाळेत जातच होते असे नाही. 1882 साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवले. कष्टकऱ्यांच्या घामातून जमा होणारा महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, बहुसंख्य खेड्यांत प्राथमिक शिक्षणाची सोय नाही, आणि जिथे शाळा आहे तिथेही महार-मांगांच्या मुलांना जातिभेदामुळे इतर मुलांबरोबर बसू दिले जात नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. किमान 12 वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी होती. शाळेत किती मुले आहेत एवढे विचारून फुले थांबले नाहीत. साऱ्याचा आणा भरणाऱ्यांपैकी कोणाची मुले शाळेत आहेत, असे त्यांनी विचारले. सरकारी शाळेच्या पटाकडे कसे पाहावे, याचा धडा पुणे जिल्ह्यानेच असा फार लवकर घालून दिलेला आहे.

पुढच्या अर्धशतकात या प्रश्नाची उत्तरे तुकड्यातुकड्यांनी आली. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि 1919 साली अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांच्या शाळांत बसवण्याचा हुकूम काढला. इंग्रजी मुलखात ऑगस्ट 1923 मध्ये मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, कचेऱ्या यांच्याबरोबर सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळाही त्या ठरावाने अस्पृश्यांना खुल्या झाल्या. त्याच वर्षीच्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने खेड्यातल्या शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डाकडे गेला. जुनी माणसे जिला बोर्डाची शाळा म्हणत ती हीच. कागदावर दार उघडले म्हणून ओसरीवर बसणारे मूल वर्गात सतरंजीवर आले असे लगेच झाले नाही. त्या काळातल्या खेड्यातल्या शाळेचा पट भरलेला दिसला तरी तो बहुतांशी मुलग्यांचा होता, त्यातही जमीन धरून असलेल्या घरांचा, आणि सातवी फायनलपर्यंत टिकणारे त्यातलेही थोडेच. पटाचा आकडा फुगलेला असू शकतो आणि निम्मे गाव तरीही शाळेबाहेर असू शकते, हे या काळाने दाखवले.

स्वातंत्र्यानंतर 1947 चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला आणि 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर बोर्डाची शाळा जिल्हा परिषदेची झाली. मावळात पंचायत समितीचे ठाणे वडगावला आले आणि शिक्षकांच्या नेमणुकांपासून खडूपर्यंतचा कारभार तिथून चालू लागला. यानंतरच्या चार दशकांची मोठी कमाई म्हणजे शाळा वाडीवस्तीपर्यंत पोचली. मावळात गाव एका जागी आणि त्याच्या वाड्या डोंगरउतारावर पसरलेल्या, अशी वस्ती सर्रास आढळते. पावसाळ्यात ओढे भरले की वाडीवरच्या सहा वर्षांच्या मुलाला गावातली शाळा परदेशासारखीच. त्यामुळे वाडीवर एकशिक्षकी, द्विशिक्षकी शाळा निघाल्या, पुढे 2000 नंतर वस्तीशाळांची योजना आली, आणि शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असली पाहिजे असे ठरवले. या प्रत्येक टप्प्यावर गावातल्या मूळ शाळेचा पट थोडा थोडा कमी होणे अपरिहार्य होते, कारण तिची काही मुले आता आपल्या वाडीवरच शिकू लागली. पट घटला तो शिक्षण पसरल्यामुळे. अशी घट अपयशाच्या खात्यावर मांडली तर इतिहास उलटा वाचला जाईल. तीच गोष्ट इयत्तांच्या रचनेची. महाराष्ट्रात प्राथमिक शाळा पूर्वापार चौथीपर्यंत आणि हायस्कूल पाचवीपासून, अशी विभागणी रुळली होती. कायद्याने प्राथमिक टप्पा पाचवीपर्यंत नेला तरी कित्येक ठिकाणी पाचवीचा वर्ग हायस्कूलकडेच राहिला. चौथी पास होऊन दाखला नेणारे मूल प्राथमिक शाळेच्या पटावर वजाबाकी म्हणून उमटते, गावाच्या हिशेबात मात्र ते पुढच्या वर्गात गेलेले असते.

मुलींचा आकडा मात्र या काळात एकाच दिशेने सरकत गेला, आणि तो शाळेच्या खऱ्या कामाचा पुरावा आहे. मोफत पाठ्यपुस्तके, मागासवर्गीय मुलींना उपस्थिती भत्ता, 1995 पासून शालेय पोषण आहार आणि पुढे तांदळाच्या पिशवीऐवजी शाळेतच शिजणारी खिचडी, या प्रत्येक गोष्टीने धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी ठेवलेल्या मुलीला वर्गापर्यंत आणले. ठाकर आणि कातकरी वस्त्यांवरच्या मुलांच्या बाबतीत हे काम अधिक कठीण होते आणि अजून पुरे झालेले नाही. कातकरी कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीच्या मालकाची उचल घेऊन भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. त्या घरातले मूल जूनमध्ये हजर, नोव्हेंबरमध्ये गैरहजर आणि पुढच्या जूनला पुन्हा त्याच वर्गात, असे वर्षानुवर्षे चालत राहिले. हजेरीपत्रकात ही मुले सतत गैरहजर दिसतात, प्रत्यक्षात ती वर्षातले सहा महिने दुसऱ्या गावच्या शिवारात विटा वाहत असतात.

नवलाख उंबऱ्याच्या पटाला गेल्या पंचवीस वर्षांत ज्याने सर्वांत मोठे वळण दिले तो बदल शाळेच्या कुंपणाबाहेर घडला. मावळच्या पूर्व अंगाला, खेड तालुक्याच्या बाजूने पसरलेला हा भाग तळेगाव औद्योगिक क्षेत्रात आला. एका बाजूला 2000 नंतर खुला झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, दुसऱ्या बाजूला चाकणचा वाहन उद्योग, आणि मधोमध तळेगाव, आंबी, नवलाख उंबरे, बधलवाडी हा पट्टा. फूलशेतीची पॉलिहाऊसे आली, यंत्रसामग्रीचे आणि सुट्या भागांचे कारखाने आले. सप्टेंबर 2008 मध्ये जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना तळेगावात सुरू झाला. 2001 मध्ये मावळ तालुक्याची लोकसंख्या सुमारे 3 लाख 5 हजार होती, ती 2011 मध्ये पावणेचार लाखांच्या पुढे गेली. दहा वर्षांत जवळजवळ चौथा हिस्सा भर पडली, ती काही मावळात तेवढे पाळणे हलल्यामुळे पडली नाही. माणसे बाहेरून आली.

या उलथापालथीतून शाळेच्या पटावर दोन प्रवाह एकाच वेळी सुरू झाले. पहिला बाहेर जाणारा. जमिनीचा मोबदला, कारखान्यातली नोकरी, भाड्याने दिलेल्या खोल्या आणि लहानमोठी ठेकेदारी यांतून ज्या स्थानिक घरांत पैसा आला त्यांची मुले पिवळ्या बसने तळेगावच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जाऊ लागली. दुसरा आत येणारा. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार या भागांतून कंत्राटी कामगार, बांधकाम मजूर, पॉलिहाऊसवर राहून काम करणारी कुटुंबे आली आणि त्यांच्या मुलांना चालत जाण्याच्या अंतरावर, फी न घेता दाखल करून घेणारी शाळा एकच होती. औद्योगिक पट्ट्यातल्या शाळांच्या रजिस्टरांत जन्मस्थळाचा रकाना त्यामुळेच पूर्वीसारखा एकसारखा राहिलेला नाही. पूर्वी तो रकाना वाचून आजोळ कळे, आता देशाचा नकाशा कळतो. आणि हा आत येणारा प्रवाह कारखान्याच्या नाडीवर चालतो. डिसेंबर 2020 मध्ये जनरल मोटर्सने तळेगावचे उत्पादन थांबवले, 2023 मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला. मधल्या काळात ज्या कंत्राटी कामगाराचे काम गेले त्याने खोली सोडली की त्याचे मूल पटावरून जाणार, नवे काम निघाले की दुसरे येणार. यात मुख्याध्यापकांच्या हातात काय असते? दाखला देणे आणि दाखला घेणे.

आता शासन हा पट कधी आणि कसा मोजते ते पाहिले की आकड्यावर विसंबण्यातला धोका उघड होतो. शिक्षकांची पदे ठरवणारी संच मान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी 60 विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 पर्यंत तीन, 91 ते 120 पर्यंत चार, आणि 150 च्या वर गेल्यास स्वतंत्र मुख्याध्यापक. म्हणजे 61 वा विद्यार्थी एका शिक्षकाएवढा मोलाचा. पण मावळातला आणि औद्योगिक पट्ट्यातला स्थलांतराचा हंगाम 30 सप्टेंबरशी जुळत नाही. भातकापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, ऊसतोडीचा हंगाम त्याच सुमाराचा, वीटभट्ट्या दिवाळीनंतर पेटतात. भट्टीवर आलेल्या कुटुंबाची मुले नोव्हेंबरात शाळेत आली तर त्यांना शिकवायला शिक्षक लागतो, पण त्यांच्या नावावर शिक्षकाचे पद मिळत नाही, कारण मोजणीच्या दिवशी ती इथे नव्हती. उलट गावातली जी मुले पालकांबरोबर बाहेर गेली ती मोजली गेलेली असतात. शिवाय अलीकडच्या वर्षांत आधारशी जुळणी झालेले विद्यार्थीच संच मान्यतेत धरले जाऊ लागले. आधार कार्ड नसणे, नावातल्या वेलांटीचा फरक, जन्मतारखेचा पुरावा नसणे, ही दुखणी स्थलांतरित मुलांचीच. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नये असे कायद्याचे कलम 14 सांगते. शाळा कायदा पाळून मुलाला वर्गात घेते आणि मोजणीत ते मूल गळते. जी शाळा सर्वांत अधिक गरजू मुलांना जागा देते तिचाच आकडा सर्वांत कच्चा राहतो.

मोजणी कडक करण्यामागे कारण होते, हे मान्य केले पाहिजे. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर एकाच वेळी झालेल्या पट पडताळणीत बोगस विद्यार्थ्यांचा मोठा फुगवटा उघड झाला. अनुदान आणि तुकड्या टिकवण्यासाठी नसलेली मुले पटावर दाखवणे हा सार्वजनिक पैशाचा अपहार होता आणि त्याला आळा बसणे आवश्यकच होते. पण खोटे नाव पकडण्यासाठी बसवलेल्या चाळणीतून खरे मूल खाली पडू लागले तर ती चाळणी बदलायला हवी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 9 ने स्थानिक प्राधिकरणावर दोन वेगळी कर्तव्ये टाकली आहेत: आपल्या हद्दीतल्या 14 वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांची नोंद ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचा प्रवेश निश्चित करणे. कायद्याला अभिप्रेत असलेली नोंद गावाच्या हद्दीतल्या मुलांची आहे. शाळेच्या भिंतीआडचा पट हा तिचा एक भाग फक्त.

यावर पहिला आक्षेप गावातूनच येतो आणि तो सडेतोड असतो. शाळा चांगली असती तर गावची मुले तळेगावला का गेली असती? पालकांनी पायांनी कौल दिला आहे, असे म्हटले जाते. या आक्षेपात तथ्य आहे, पण जितके सांगितले जाते तितके नाही. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या असर अहवालाप्रमाणे देशाच्या ग्रामीण भागात 6 ते 14 वयोगटातली सरकारी शाळांत दाखल असलेली मुले 2018 मध्ये 65.6 टक्के होती, ती 2022 मध्ये 72.9 टक्क्यांवर गेली आणि 2024 मध्ये पुन्हा 66.8 टक्क्यांवर आली. चार वर्षांत देशभरातल्या सरकारी शाळा एकाएकी सुधारल्या आणि पुढच्या दोन वर्षांत एकाएकी बिघडल्या, असे कोणी म्हणणार नाही. कोविडच्या काळात कमाई आटली, कमी फीच्या खासगी शाळा बंद पडल्या, माणसे गावी परतली, म्हणून पट वाढला. परिस्थिती निवळली तसा तो पूर्वपदावर आला. पालकाचा कौल गुणवत्तेइतकाच खिशाने, बसच्या सोयीने आणि शेजाऱ्याच्या निर्णयाने ठरतो. इंग्रजीची ओढ खरी आहे आणि तिला मूर्खपणा म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या पट्ट्यात कारखान्याच्या फाटकावरची पाटी इंग्रजीत आहे तिथल्या बापाला मुलाचे इंग्रजी महत्त्वाचे वाटणारच. पिंपरी-चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना 2000 साली राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला, तो याच ओढीला दिलेला शहाणा प्रतिसाद होता. प्रश्न उरतो तो त्या विषयाची शिकवणी कितपत नेटाने होते याचा. तिथे शाळेला उत्तर द्यावेच लागेल, आणि त्या उत्तराचे माप मुलांच्या वाचनात, लेखनात आणि गणितात सापडेल. शेजारच्या खेड तालुक्यात बंद पडण्याच्या बेतात आलेली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा शिक्षक आणि ग्रामस्थ यांनी मिळून अशी उभी केली, की 2025 मध्ये तिला जागतिक पातळीवरचा पुरस्कार मिळाला. गेलेला पट परत येऊ शकतो, हे तिने सिद्ध केले. पण ज्यांच्यापुढे निवडीला दुसरी शाळाच नाही त्यांचे काम चोख करणे, हे परतणाऱ्यांची वाट पाहण्याच्या आधीचे कर्तव्य आहे.

दुसरा आक्षेप दबक्या आवाजात घेतला जातो. बाहेरच्यांची मुले वर्षभर टिकत नाहीत, त्यांना मराठी येत नाही, त्यांच्यामुळे वर्ग मागे पडतो आणि शिष्यवृत्तीचा निकाल खाली येतो, असे म्हणतात. यातली अडचण शिक्षकांना रोज सोसावी लागते, त्यामुळे ती हलक्यात घेऊ नये. वर्गाच्या मध्यावर आलेल्या आणि आधी काय शिकले याचा पत्ता नसलेल्या मुलाला सामावून घेणे हे कसबाचे काम आहे. पण पर्याय काय आहे? पुणे जिल्ह्यात आणि राज्यात तो करून पाहिला गेला आहे. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा, वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा, दगडखाणींवर पाषाण शाळा, बांधकामांवर डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्थांचे वर्ग. ज्या काळात सरकारी शाळेने या मुलांकडे पाहिलेही नव्हते त्या काळात या प्रयत्नांनी हजारो मुलांच्या हाती पाटी दिली, त्यांचे ऋण मोठे आहे. तरी वेगळ्या मुलांसाठी वेगळी शाळा ही कायमची व्यवस्था होऊ शकत नाही, हे शाहू महाराजांनी 1919 मध्येच ओळखले होते. 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश आणि दाखला मागितल्यावर तो तत्काळ देण्याचे बंधन घालून नेहमीच्या शाळेलाच या मुलांचे घर ठरवले. एका गावचे मूल दुसऱ्या गावी गेले तर त्याच्या शिक्षणाची हमी सोबत जावी म्हणून महाराष्ट्राने शिक्षण हमी पत्रक आणले. ते दोन्हीकडच्या शाळांनी मनावर घेतले तर कातकरी मुलाचे वर्ष वाया जाण्याचे थांबू शकते. आणि भाषेबद्दल म्हणायचे तर बिहारच्या किंवा गुलबर्ग्याच्या मजुराचे मूल मराठी शिकते ते जिल्हा परिषदेच्या शाळेत. खात्यापित्या मराठी घरांनी मराठी शाळा सोडल्यानंतर या पट्ट्यात मराठी शाळेची बाके भरून ठेवण्यात आणि मराठीला नवे बोलणारे देण्यात या मुलांचा वाटा मोठा आहे. मराठीच्या भवितव्याची काळजी वाहणाऱ्यांनी त्यांचे आभार मानले पाहिजेत.

तिसरा आक्षेप शासनाचा आहे आणि तो खर्चाच्या भाषेत येतो. 2023 मध्ये समूह शाळांचा, म्हणजे कमी पटाच्या शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचा, विचार पुढे आला तेव्हा राज्यात 20 पेक्षा कमी पटाच्या 14,783 शाळा, त्यांत सुमारे 1 लाख 85 हजार विद्यार्थी आणि 29,707 शिक्षक असल्याची आकडेवारी मांडली गेली. म्हणजे शाळेमागे सरासरी साडेबारा मुले आणि दोन शिक्षक. पुणे जिल्ह्यातल्या पानशेतची समूह शाळा नमुना म्हणून दाखवली गेली. 15 मार्च 2024 च्या संच मान्यतेच्या निर्णयाने कमी पटाच्या शाळांची शिक्षकपदे आणखी आवळली. एका खोलीत पाच इयत्ता आणि एकच शिक्षक, यापेक्षा मोठी शाळा, प्रयोगशाळा, मैदान, ग्रंथालय आणि बरोबरीची मुले बरी, हे म्हणणे निराधार नाही. जिथे बस खात्रीने येते आणि पालक राजी आहेत तिथे तसे करूनही पाहावे. परंतु नवलाख उंबऱ्याच्या पट्ट्यात हा हिशेब कागदावर जितका सोपा आहे तितका रस्त्यावर नाही. कंटेनर आणि ट्रेलरच्या रहदारीतून सहा-सात वर्षांच्या मुलाने वाडीवरून चालत यायचे, किंवा पाळीवर जाणाऱ्या आईबापाने त्याला सोडायचे, यातले काहीच सहज होणारे नाही. अशा वेळी पहिल्यांदा घरी बसते ती मुलगी आणि त्यापाठोपाठ मजुराचे मूल. समूह शाळेत गावातल्या मोठ्या शाळेचा पट वाढेल, हेही लक्षात ठेवले पाहिजे. उद्या वाड्यांच्या शाळा मिटून त्यांची मुले इथे आली आणि आपला आकडा वाढला, तर त्या वाढीचा अभिमान बाळगण्याआधी वाडीवरची किती मुले वाटेतच गळाली, हे मोजावे लागेल. आकडा घटला म्हणून खचायचे नाही, हा या लेखाचा युक्तिवाद खरा असेल तर आकडा वाढला म्हणून फुगायचेही नाही, हेही त्याच युक्तिवादात येते.

खासगी शाळांनाही वंचित मुलांच्या जबाबदारीतून मोकळे सोडता येत नाही, हा मुद्दा न्यायालयात तपासला गेला आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला वंचित घटकांसाठीच्या 25 टक्के जागांमधून सूट दिली. 19 जुलै 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला. सरकारी शाळा जवळ आहे म्हणून गरिबाचे मूल तिथेच आणि सधनाचे दुसरीकडे, अशी वाटणी कायद्याला मान्य नाही, हा त्याचा अर्थ. ज्या गावात एकेकाळी पाटलाचे आणि मजुराचे मूल एकाच शाळेत बसावे म्हणून ठराव करावे लागले, तिथे ती दोन मुले पैशाच्या भिंतीने पुन्हा वेगळी बसू लागली आहेत. शाळेच्या पटावर सर्व थरांची मुले असणे हे शाळेपेक्षा गावाच्या हिताचे आहे, कारण एकत्र न शिकलेली पिढी पुढे ग्रामसभेत आणि कारखान्यात एकमेकांशी परकेपणानेच वागणार.

या इतिहासातून पुढच्या वाटचालीसाठी काही साधी कामे निघतात आणि ती गावाच्या आवाक्यातली आहेत. जनरल रजिस्टरातून दर दहा वर्षांचा एक तक्ता तयार करावा: मुलगे किती, मुली किती, कोणत्या वाड्यांची, जन्मस्थळ कोणत्या जिल्ह्यांतले, चौथी-पाचवीपर्यंत टिकली किती. तो शाळेत दर्शनी भागात लावावा, कारण तोच या शाळेचा खरा गौरवफलक आहे. दाखलपात्र मुलांची पाहणी जूनबरोबर डिसेंबरातही करावी आणि ती भट्टीवर, पॉलिहाऊसवर, बांधकामाच्या पत्र्याच्या खोल्यांवर जाऊन करावी. दोन्ही आकडे ग्रामपंचायतीने पंचायत समितीकडे लेखी पाठवावेत, म्हणजे 30 सप्टेंबरनंतर आलेल्या मुलांसाठी शिक्षक मागण्याला आधार मिळेल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळावी, असे कायदा म्हणतो. मग तिथे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एखाद्या आईला बसवायला अडचण नसावी. पट्ट्यातल्या कारखान्यांनी सामाजिक दायित्वाचा निधी रंगरंगोटीवर आणि फलकावर घालवण्याऐवजी वाडीवरच्या मुलांच्या वाहनासाठी आणि उशिरा आलेल्या मुलांना वर्गाबरोबर आणणाऱ्या मदतनीस शिक्षकासाठी द्यावा. ज्या कामगारांवर कारखाना चालतो त्यांचीच ही मुले आहेत.

माजी विद्यार्थ्यांना आणि ग्रामस्थांना एकच विनंती करायची आहे. शाळेसाठी काय करू असे विचारताना आधी आपल्या खोल्यांत, आपल्या भट्टीवर, आपल्या बांधकामावर राहणाऱ्या कुटुंबांत सहा ते चौदा वर्षांचे एखादे मूल शाळेबाहेर आहे का, ते पाहा. असेल तर कागदपत्रांची वाट न पाहता त्याला हाताला धरून शाळेत आणा. कायदा त्याच्या बाजूने आहे आणि शाळेला त्याला घ्यावेच लागेल. स्मरणिकेला दिलेल्या देणगीपेक्षा ते एक नाव या शाळेच्या रजिस्टरात अधिक मोलाचे ठरेल.